प्रबंध टायपिंगला देण्याआधी: संदर्भ, अवतरणं आणि सिमिलॅरिटी रिपोर्ट

आमच्याकडे पीएच.डी.चे प्रबंध आणि एम.ए.चे लघुप्रबंध टायपिंग, प्रूफ आणि बाइंडिंगसाठी येतात. अलीकडे त्यासोबत एक मागणी हमखास येते: "रिपोर्ट तेवढा दहाच्या आत आणून द्या." हा रिपोर्ट म्हणजे सिमिलॅरिटी रिपोर्ट: प्रबंधातला किती टक्के मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी जुळतो, ते सॉफ्टवेअरने काढून दिलेलं. हे काम आम्ही करत नाही. शब्द फिरवून, अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी दुसरी अक्षरं घालून किंवा मजकुराचं चित्र करून आकडा खाली आणणारे लोक आहेत. पण लपवलेला मजकूर आणि बदललेली अक्षरं दाखवून देणारी सॉफ्टवेअरही आहेत, आणि तसं काही सापडलं तर चूक नकळत झाली असं म्हणायची सोय राहत नाही. त्यापेक्षा संदर्भ नीट लावून आणा. कसे लावायचे, ते या पत्रकात सांगितलं आहे.

दहाचा आकडा कुठून आला?

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ साली वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले. त्यांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द होते. अवतरण म्हणून श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश या मोजणीत धरायचे नसतात.

एवढं बहुतेकांना पाठ असतं. त्याच नियमांतली एक टीप मात्र वाचली जात नाही. सारांश, गृहीतकं, निरीक्षणं, निष्कर्ष आणि शिफारशी हा भाग मूळ विचारांचा असावा आणि त्यात साम्य असूच नये, असं ती सांगते. सूट आहे ती सर्वपरिचित माहितीला किंवा योगायोगाने जुळलेल्या शब्दांना, आणि तीही सलग १४ शब्दांपर्यंत. म्हणजे एकूण रिपोर्ट सहा टक्के आला, पण ते सहाही निष्कर्षाच्या प्रकरणात असले, तर "दहाच्या आत आहे" हे उत्तर पुरत नाही.

आकडा कमी म्हणजे चोरी नाही, असंही नाही. मराठी प्रबंधांत सर्वांत जास्त दिसणारा प्रकार अनुवादाचा आहे. इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकातली दोन पानं मराठीत उतरवायची आणि खाली काहीच लिहायचं नाही. सॉफ्टवेअरला हे बहुधा सापडत नाही. बहिःस्थ परीक्षकाने मात्र ते इंग्रजी पुस्तक वाचलेलं असतं. विचार दुसऱ्याचा असेल तर भाषा बदलली तरी संदर्भ द्यावाच लागतो. अवतरण तुम्ही स्वतः मराठीत आणलं असेल, तर मूळ पुस्तक आणि पान देऊन पुढे "अनुवाद संशोधकाचा" एवढं लिहा.

प्रत्येक वाक्याला तळटीप लावत बसायचीही गरज नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, याला संदर्भ नसला तरी चालतं. ती शाळा त्या काळात का टिकली याबद्दल एखाद्या अभ्यासकाने मांडलेलं कारण वापरलंत, की नाव, वर्ष, पान आलं पाहिजे.

मराठी प्रबंधातल्या नेहमीच्या अडचणी

संतसाहित्यात नुसतं "तुकाराम गाथा, अभंग क्रमांक अमुक" लिहून भागत नाही. एकच अभंग वेगवेगळ्या गाथांत वेगवेगळ्या क्रमांकावर असतो, म्हणून संपादक, प्रकाशक आणि वर्ष द्या. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी द्या, पण प्रत कोणती तेही सांगा. टोपणनावं आली तर मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर छापलेलं नाव धरा: कवितासंग्रह "कुसुमाग्रज" खाली आणि नाटक "शिरवाडकर, वि. वा." खाली लागलं तरी बिघडत नाही, मात्र सूचीत एकीकडून दुसरीकडे "पाहा" ची नोंद टाका. मराठी विश्वकोशातल्या नोंदींखाली लेखकाचं नाव असतं. नुसतं "विश्वकोश" न लिहिता तेही घ्या. वर्तमानपत्राची तारीख आणि आवृत्ती दोन्ही हवी, कारण पुणे आणि नागपूर आवृत्तीतलं पान एकच असेल असं नाही.

शोधगंगेवरच्या (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या) जुन्या प्रबंधातून तळटीप उचलून, मूळ ग्रंथ न पाहता तोच संदर्भ म्हणून देऊ नका. आधीच्या संशोधकाने पान चुकवलं असेल तर ती चूक तुमच्याही नावावर चढते. ग्रंथ मिळालाच नाही, तर "अमुक प्रबंधात उद्धृत" असं सरळ लिहा. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भयाद्या तर तपासल्याशिवाय आणूच नका. त्यांत कधी कधी न छापलेली पुस्तकंही असतात.

"तत्रैव" (म्हणजे वरच्या तळटिपेतलंच पुस्तक) जपून वापरा. गाइडनी मध्ये एक तळटीप घालायला सांगितली, की खालचं "तत्रैव" भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतं. आम्ही टायपिंग करताना हे ओळखू शकत नाही. शेवटचं प्रूफ होईपर्यंत आडनाव, वर्ष आणि पान असंच राहू द्या. संदर्भ लिहायची पद्धत एमएलए की एपीए, हे गाइडना विचारा. कुठलीही चालेल, पण सगळ्या प्रकरणांत एकच हवी.

फॉन्टचा प्रश्न

श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल तपासणीला दिली, तर सॉफ्टवेअरला मराठी दिसतच नाही. त्याला रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. त्यावर आलेला दोन टक्के किंवा सत्तर टक्के, कुठल्याच आकड्याला अर्थ नसतो. आम्ही नवं काम युनिकोडमध्येच करतो आणि जुन्या फायली बदलून देतो. मात्र बदलताना जोडाक्षरं, रफार आणि अवतरणचिन्हं बिघडतात, म्हणून त्यानंतरचं प्रूफ तुम्ही स्वतः वाचायचं. अवतरणांना दुहेरी चिन्हं घाला. एकेरी चिन्हांतला मजकूर बरीच सॉफ्टवेअर अवतरण म्हणून वगळत नाहीत, आणि रिपोर्ट उगाच फुगतो.

काम देताना हस्तलिखित किंवा फाइल, गाइडनी ठरवलेल्या संदर्भपद्धतीचा एक नमुना आणि विद्यापीठाच्या मांडणीची सूचना घेऊन या. ज्या नोंदीत पान क्रमांक नसेल तिथे आम्ही पिवळी खूण करून प्रूफ परत देतो. तो क्रमांक ग्रंथालयात जाऊन तुम्हालाच शोधावा लागेल. तपासणीचा अधिकृत रिपोर्ट विद्यापीठातून किंवा संशोधन केंद्रातूनच मिळतो, आमच्याकडून नाही. तो हाती आल्यावरच बाइंडिंगला द्या, म्हणजे बांधलेल्या प्रती उसवाव्या लागणार नाहीत.