मेनू अडखळतो, मग सिनेमा सुरळीत कसा चालतो?

घरातला जुना संगणक टीव्हीला जोडून त्यावर कोडीसारखे मीडिया सेंटर सॉफ्टवेअर (साठवलेले सिनेमे-गाणी याद्यांतून निवडून टीव्हीवर चालवणारे) चालवण्याचा विषय निघाला, की ‘आधी रॅम वाढवा’ हा सल्ला हमखास मिळतो. २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायने हा सल्ला तेव्हाच खोटा पाडला होता. ७०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट मेमरी एवढ्याच भांडवलावर क्रेडिट कार्डाएवढ्या या संगणकावर कोडी, म्हणजे तेव्हाचे एक्सबीएमसी, चालत असे. मेनूतील याद्या सरकवताना ते अडखळे आणि सिनेमांची पोस्टरे एकेक करून उमटत, मात्र एच.२६४ पद्धतीने आकुंचित केलेला फुल एचडी सिनेमा सुरू झाला की तो विनातक्रार चाले.

यातले जड काम कोणते, हे आकड्यांवरून कळते. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर दर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात आणि दोन तासांच्या सिनेमाला एक टेराबाइटही अपुरा पडतो. प्रत्यक्षात तोच सिनेमा चार-पाच गिगाबाइटच्या फाइलमध्ये मावतो, कारण फाइलमध्ये बहुतांशी चित्र नसतेच. चित्र कसे रचावे याच्या सूचना असतात.

२००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ मध्ये फ्रेमचे १६ गुणिले १६ पिक्सेलचे चौकोन पाडतात. असे ८,१६० चौकोन एका फ्रेममध्ये बसतात. बहुतेक चौकोनांसाठी फाइल एवढेच सांगते, की मागच्या (किंवा पुढच्या) फ्रेममधला अमुक ठिकाणचा तुकडा उचला, इतका सरकवा आणि उरलेला फरक त्यात मिळवा. गंमत अशी, की हे सरकणे पाव पिक्सेलपर्यंत बारीक असू शकते. दोन पिक्सेलांच्या मधोमध पिक्सेल नसतो, म्हणून तिथली किंमत शेजारच्या सहा पिक्सेलांवरून काढावी लागते: त्यांना अनुक्रमे १, उणे ५, २०, २०, उणे ५ आणि १ ने गुणायचे, बेरीज करायची आणि ३२ ने भागायचे. नुसती सरासरी घेतली असती तर कडा पुसट झाल्या असत्या; त्या धारदार ठेवण्याचे काम ही उणे वजने करतात. त्यानंतर चौकोनांच्या सीमारेषा दिसू नयेत म्हणून आणखी एक गाळणी लावली जाते. सेकंदाला दोन लाखांहून अधिक चौकोनांचा हा हिशेब वेळेत पुरा झाला नाही, की फ्रेम गळतात आणि आपल्याला सिनेमा ‘अटकलेला’ दिसतो.

सर्वसाधारण प्रोसेसर यातली प्रत्येक पायरी स्वतंत्र आज्ञा वाचून पार पाडतो. त्याउलट, याच कामासाठी घडवलेल्या मंडलात (सर्किटमध्ये) ही गणिते तारांमध्येच कोरलेली असतात. २० ने गुणणे म्हणजे १६ पट अधिक ४ पट, आणि द्विमान (बायनरी) पद्धतीत या पटी अंक डावीकडे सरकवून मिळतात. तिथे गुणाकार करावाच लागत नाही. पहिल्या रास्पबेरी पायच्या चिपमध्ये असे मंडल होते. प्रोसेसरने फाइलमधले बाइट मंडलाच्या हवाली केले की प्रोसेसरचे काम संपले. मेनूची जुळवाजुळव मात्र त्या बिचाऱ्या प्रोसेसरच्याच गळ्यात होती. डीव्हीडीवरच्या व्हिडिओची एमपीईजी-२ ही पद्धत उलगडण्याची सोयही त्या चिपमध्ये होती, पण तिच्या परवान्याची किल्ली वेगळे पैसे मोजून घ्यावी लागे. ती नसेल तर जुन्या, तुलनेने सोप्या व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर पडे.

त्यामुळे पाहायचे ते रॅमकडे नव्हे, तर व्हिडिओ मंडल उलगडते आहे की प्रोसेसर, याकडे. कोडीमध्ये व्हिडिओ चालू असताना कळफलकावरचे ‘ओ’ दाबल्यास पडद्यावर तांत्रिक माहिती येते आणि डिकोडरच्या (व्हिडिओ उलगडणाऱ्याच्या) नावापुढे एचडब्ल्यू किंवा एसडब्ल्यू ही अक्षरे दिसतात. पहिल्याचा अर्थ मंडल राबते आहे, दुसऱ्याचा अर्थ प्रोसेसर. दोन एमकेव्ही फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी रखडते, याचा उलगडाही इथेच होतो. एमकेव्ही हे केवळ वेष्टन असून आत दहा-बिटी एच.२६४ (रंगाची प्रत्येक किंमत नेहमीच्या आठऐवजी दहा बिटांत) असेल, तर बहुतेक मंडले ते नाकारतात आणि सारे ओझे प्रोसेसरवर येते. ‘रॅम बूस्टर’ नावाची ॲप्स या बाबतीत गंड्या-ताइतांइतकीच उपयोगी आहेत. टीव्ही बॉक्सवरच्या ‘८के’च्या सोनेरी चिकटपट्टीलाही, कोणत्या कोडेकसाठी (आकुंचनाच्या पद्धतीसाठी) ८के हे सांगितल्याशिवाय, काही अर्थ नाही.

२०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये तर एच.२६४ चे मंडल काढूनच टाकले आहे. २.४ गिगाहर्ट्‌झचे चार गाभे (कोअर) ते काम सहज पेलतात, म्हणून राखीव मंडल फक्त एच.२६५ या पुढच्या पिढीच्या पद्धतीसाठी ठेवले. परिणामी एच.२६४ ची तीच नेहमीची फुल एचडी फाइल पाय ४ वर एचडब्ल्यू दाखवते, पाय ५ वर एसडब्ल्यू दाखवते आणि दोन्हीकडे सुरळीत चालते.