‘द मँडलोरियन’ आणि हिरवा पडदा

‘द मँडलोरियन’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेचे सीझन म्हणजे नुसता हिरवा पडदा आणि मग कॉम्प्युटरची कमाल, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. पण 2019च्या पहिल्या सीझनचा निम्म्याहून अधिक भाग पार्श्वभूमीचा देखावा दाखवणाऱ्या एलईडी भिंतीच्या आत चित्रित झाला: सुमारे 20 फूट उंच, 75 फूट व्यासाची, 270 अंशांत वळलेली भिंत आणि वर एलईडीचंच छत. दुसऱ्या सीझनलाही पद्धत तीच. दृश्य उभं करणारं सॉफ्टवेअर मात्र आयएलएम या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीने स्वतःचं आणलं.

या खटाटोपाचं एक मोठं कारण नायकाचं चकचकीत चिलखत. हिरवा पडदा लावला की त्याची झाक शिरस्त्राणावर उतरते आणि ती फ्रेमागणिक पुसत बसावं लागतं. इथे भिंतीवर वाळवंट असेल, तर चिलखतातही वाळवंटच चमकतं. कॅमेऱ्याला दिसतो तेवढाच तुकडा त्याच्या हालचालीनुसार बदलतो. बाकीची भिंत प्रकाश आणि प्रतिबिंबापुरती.

यातही कटकटी आहेतच. भिंत फोकसमध्ये आली की मोआरेचे लहरी पट्टे उमटतात, म्हणून ती धूसर ठेवतात. कॅमेरा झपकन फिरवला तर पार्श्वभूमी काही फ्रेम मागे राहते. शिवाय देखावा शूटिंगआधीच तयार हवा. नसेल, तर नटामागचा तेवढाच तुकडा भिंतीवरच हिरवा करतात.