ड्रायव्हर अ‍ॅम्प्लिफायरची बँडविड्थ कोण ठरवतो?

सिग्नल जेमतेम २० किलोहर्ट्झचा असतो आणि एडीसीची (सिग्नलचे आकडे बनवणाऱ्या रूपांतरकाची) डेटाशीट मात्र आधीच्या ऑप-अ‍ॅम्पकडे, म्हणजे त्याला सिग्नल पुरवणाऱ्या ड्रायव्हरकडे, कित्येक मेगाहर्ट्झ बँडविड्थ (अ‍ॅम्प्लिफायर किती उंच फ्रिक्वेन्सीपर्यंत नीट चालतो ती मर्यादा) मागते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. ती तशी का नाही, हे कळायला नमुना (सिग्नलचं त्या क्षणाचं व्होल्टेज) कुठे धरून ठेवला जातो आणि ती जागा कशी बदलत गेली, ते पाहावं लागतं.

१९५४ मध्ये बर्नार्ड गॉर्डन यांच्या एप्स्को कंपनीचा ‘डॅट्रॅक’ हा एडीसी आला. ११ बिट, सेकंदाला ५० हजार नमुने, सगळा व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा आणि ५०० वॅट वीज घेणारा. नमुना धरून ठेवणारं सर्किट त्याच्या पोटातच होतं. पुढे आयसीचा काळ आला तेव्हा मात्र ही सोय गळाली. १९७८ च्या एडी५७४ या १२ बिटी एडीसीमध्ये रेफरन्स (तुलनेसाठीचं ठरलेलं व्होल्टेज) आणि क्लॉक दोन्ही चिपवर होते, सॅम्पल-अँड-होल्ड (नमुना धरून ठेवणारा भाग) नव्हता. त्याचा परिणाम किती मोठा होता हे आज सहसा कुणी सांगत नाही. रूपांतराला २५ मायक्रोसेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात १२ बिटी मापाच्या एका पायरीपेक्षा जास्त न हलणारी पूर्ण उंचीची साइन लहर फक्त ३ हर्ट्झच्या आसपासची असू शकते! म्हणून सॅम्पल-अँड-होल्ड वेगळा जोडावा लागे. इनपुटला काही किलोओहमचा रेझिस्टर असायचा. प्रत्येक बिटाचा निर्णय होताना तिथला प्रवाह झटका देई, आणि उंच फ्रिक्वेन्सीला ऑप-अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) वाढलेला असेल तर तो झटका थेट वाचनात उतरे. बँडविड्थचा प्रश्न तेव्हाही होता, फक्त तो इम्पिडन्सच्या नावाने विचारला जाई.

खरं वळण त्याआधीच, १९७५ मध्ये आलं होतं. बर्कलीत जेम्स मॅक्‌क्रीरी आणि पॉल ग्रे यांनी रेझिस्टरांऐवजी कपॅसिटरांच्या ओळीवर चालणारा, एमओएस या आयसी बनवण्याच्या तंत्रातला एडीसी मांडला. तीच ओळ आधी नमुना धरते आणि मग विद्युतभाराची फेरवाटणी करत एकेक बिट ठरवते. त्याच तंत्राच्या सीमॉस प्रकाराला ही रचना इतकी मानवली की सक्सेसिव्ह अ‍ॅप्रॉक्सिमेशन जातीचे (तुलना करत एकेक बिट ठरवणारे) बहुतेक एडीसी पुढे याच वाटेने गेले.

पण त्यामुळे ड्रायव्हरपुढचं काम पार बदललं. आता दर नमुन्याला एक स्विच बंद होतो आणि मागचा भार बाळगणारा कपॅसिटर अचानक ड्रायव्हरच्या गळ्यात पडतो. व्होल्टेज हिसका खातं. ठरलेल्या अवधीत ते अर्ध्या एलएसबीच्या (एडीसीच्या सर्वांत लहान पायरीच्या) आत परत स्थिरावलं पाहिजे. एकाच आरसीचा (रेझिस्टर-कपॅसिटर जोडीचा) विचार केला आणि पूर्ण उंचीची उडी धरली, तर १२ बिटांना ९ टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर इतका वेळ) लागतात, १६ बिटांना जवळपास १२. नमुना घ्यायला ३०० नॅनोसेकंद मिळत असतील तर १६ बिटांसाठी टाइम कॉन्स्टंट २५ नॅनोसेकंदांच्या आसपास हवा, म्हणजे बँडविड्थ ६ मेगाहर्ट्झहून थोडी अधिक. या हिशेबात सिग्नलची फ्रिक्वेन्सी कुठेच येत नाही. ‘सिग्नलच्या दहापट घ्या’ हा ठोकताळा मला म्हणूनच घातक वाटतो. तो प्रश्नच चुकीच्या बाजूने विचारतो.

मग भरपूर बँडविड्थ घेऊन मोकळं का होऊ नये? बिट वाढले तसं याचं उत्तर नॉइजने दिलं. ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झचा अ‍ॅम्प्लिफायर १० मेगाहर्ट्झपर्यंत मोकळा सोडला तर त्याचा नॉइज साधारण २० मायक्रोव्होल्ट भरतो. ४.०९६ व्होल्टच्या १६ बिटी एडीसीचा क्वांटायझेशन नॉइज (व्होल्टेज पायऱ्यांत बसवताना होणारी चूक) १८ मायक्रोव्होल्ट असतो, म्हणजे ड्रायव्हर एकटाच त्याच्या पुढे जातो. नायक्विस्ट मर्यादेच्या (नमुने घेण्याच्या वेगाच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीच्या) वरचा नॉइज नमुने घेताना गळून पडत नाही, दुमडून खालच्या पट्ट्यात येतो.

ड्रायव्हर आणि एडीसीमधला छोटा आरसी या ओढाताणीतूनच रुजला. त्याचा कपॅसिटर आतल्या कपॅसिटरपेक्षा बराच मोठा ठेवतात. हिसक्याचा बहुतेक भार तो स्वतः पुरवतो, ड्रायव्हरकडे उरलेला लहानसा तुटवडाच येतो, आणि तोच आरसी नॉइजलाही लगाम घालतो. रेझिस्टर फार लहान घेतला तर मात्र कपॅसिटरच्या ओझ्याने ऑप-अ‍ॅम्प डोलू लागतो.

अलीकडच्या काही एडीसींनी हा हिसका चिपमध्येच शमवायला सुरुवात केली आहे. त्यांच्यापुढे संथ, कमी वीज घेणारा ऑप-अ‍ॅम्पही चालतो. पण एडीसीच्या पुढे मल्टिप्लेक्सर (अनेक चॅनेल आळीपाळीने जोडणारा स्विच) लावला की शेजारच्या दोन चॅनेलांमध्ये पूर्ण उंचीची उडी पुन्हा शक्य होते, आणि ९ किंवा १२ टाइम कॉन्स्टंटचा तो हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.