किल्ली कोणाच्या कनवटीला?

फोनमधल्या नोट्स ॲपमध्ये माणूस काय काय लिहून ठेवतो! आईच्या गोळ्यांच्या वेळा, एफडीची मुदत, भावाशी भांडण झाल्यावर मध्यरात्री खरडलेल्या चार ओळी. कागदाची डायरी असती तर ती कपाटात गेली असती. ही मात्र कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर असते.

डिसेंबर २०१६ मध्ये एव्हरनोट या नोट्स ॲपच्या कंपनीने नवं धोरण जाहीर केलं: मशीन लर्निंग, म्हणजे नोंदींवरून आपोआप शिकणारी यंत्रणा, नीट चालतंय का हे तपासण्यासाठी काही कर्मचाऱ्यांना लोकांच्या नोंदी पाहता येणार होत्या. ओरड झाली आणि काही दिवसांतच कंपनीने पाऊल मागे घेतलं. पण कर्मचारी त्या नोंदी वाचू शकत होते, कारण कुलपाची किल्ली कंपनीकडे होती. मला त्या प्रसंगातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

‘एन्क्रिप्टेड’ (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा केलेला) हा शब्द आज जवळपास प्रत्येक ॲप मिरवतं. वाटेत मजकूर सुरक्षित आहे, सर्व्हरच्या डिस्कलाही कुलूप आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये किल्ली तुमच्याच फोनवर तयार होते आणि सर्व्हरवर फक्त न वाचता येणारा मजकूर पोचतो. स्टँडर्ड नोट्स या ॲपमध्ये ही सोय सुरुवातीपासूनच चालू असते. तुमच्या पासवर्डवर आधी अर्गॉन२ नावाची प्रक्रिया होते. ती मुद्दाम संथ आणि मेमरीखाऊ ठेवलेली आहे, म्हणजे चोराला सेकंदाला कोट्यवधी अंदाज बांधता येऊ नयेत. त्यातून २५६ बिटांची किल्ली निघते. अशा किल्ल्या किती संभवतात? ती संख्या ७८ आकडी आहे. म्हणून कुलूप फोडायच्या भानगडीत कुणी पडत नाही, पासवर्ड ओळखायला बघतात. मुलीचं नाव आणि जन्मसाल जोडून केलेल्या पासवर्डला अर्गॉन२ही फार काळ वाचवू शकत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या.

जॉपलिन हे मुक्त-स्रोत (ज्याचा कोड कुणालाही पाहता येतो असं) नोट्स ॲप मला आवडतं, पण त्यात एन्क्रिप्शन आपण स्वतः चालू करावं लागतं. शिवाय ते सिंक होणाऱ्या, म्हणजे यंत्रायंत्रांत जुळवून ठेवण्यासाठी बाहेर पाठवलेल्या, प्रतीपुरतंच असतं. लॅपटॉपवरचा डेटाबेस उघडाच राहतो. तेव्हा विंडोजमधल्या बिटलॉकरने किंवा मॅकमधल्या फाइलव्हॉल्टने डिस्कलाही कुलूप घाला. ऑब्सिडियन या ॲपच्या नोंदी तर साध्या टेक्स्ट फाइली असतात. उद्या ॲप बंद पडलं तरी त्या वाचता येतील, पण लॅपटॉप हाती लागलेल्या माणसालाही येतील.

सर्व्हरवर प्रतच नको असेल तर सिंकथिंग आहे. दोन यंत्रं एकमेकांची ओळख प्रमाणपत्रावरून पटवतात आणि घरच्या वाय-फायवर थेट फाइली देतात-घेतात. अट एवढीच की दोन्ही एकाच वेळी चालू हवीत. एकच नोंद दोन्हीकडे बदलली, तर ते दोन्ही प्रती ठेवतं आणि एकीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं जोडतं. मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं. आता स्वयंसेवकांनी चालवलेली ‘सिंकथिंग-फोर्क’ ही आवृत्ती वापरावी लागते. आणि सिंकला बॅकअप समजू नका: फोनवर फाइल पुसली की लॅपटॉपवरूनही जाते. महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर प्रत काढायचा कंटाळा करू नये.

किल्ली आपल्याकडे आली की तिची जबाबदारीही येते. पासवर्ड विसरलात तर स्टँडर्ड नोट्सवाल्यांनाही तुमच्या नोंदी उघडून देता येणार नाहीत. मी माझा पासवर्ड कागदावर लिहून लोखंडी कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवला आहे आणि तो कुठे आहे हे घरात एकाला सांगितलं आहे.

जॉपलिन ड्रॉपबॉक्समार्फत सिंक करत असाल, तर एन्क्रिप्शन चालू केलंत की ड्रॉपबॉक्समधल्या त्याच्या फोल्डरमधली एखादी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. तुमच्या वाक्यांच्या जागी अक्षरांची अर्थहीन माळ दिसेल. मात्र नोंद शेवटची कधी बदलली, ती तारीख आणि वेळ तिथे स्वच्छ वाचता येईल.