ईस्टर उठावाचा नाट्यप्रयोग

डब्लिनमध्ये २४ ते २९ एप्रिल १९१६ या सहा दिवसांत ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेला सशस्त्र उठाव रंगमंचावर उभा करण्याची रीत. मराठी वाचकाला आयर्लंड आठवते ते टिळकांच्या होमरूल लीगमुळे. पण या बंडखोरांना होमरूल, म्हणजे साम्राज्यात राहून स्वराज्य नव्हे, स्वतंत्र प्रजासत्ताक हवे होते. हा फरक पहिल्या अंकात पोचला नाही, तर पुढची मरणे अकारण वाटतात.

लढाई रंगमंचावर मावत नाही, ती खोलीत आणावी लागते. नाटककार शॉन ओकेसीने ‘द प्लाउ अँड द स्टार्स’मध्ये (ॲबी थिएटर, १९२६) चाळवजा बिऱ्हाड आणि गुत्ता निवडला, सभेतला वक्ता खिडकीबाहेर नुसती आकृती. गुत्त्यात बंडखोरांचे झेंडे आलेले पाहून प्रेक्षकांनी दंगा केला, पण युक्ती आजही चालते.

दुसरी सोय इतिहासानेच दिली आहे. शुक्रवारी संध्याकाळी आपले मुख्य ठाणे असलेले, आता पेटलेले जनरल पोस्ट ऑफिस सोडून बंडखोर मूर स्ट्रीटवरच्या घरांत शिरले आणि भिंती फोडत पुढे सरकले. नेपथ्याला एकच खोली आणि तीन-चार सुटे फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या करायच्या चौकटी) पुरतात. भगदाडाची जागा बदलली की घर बदलते. मात्र बंडखोरांचा एक नेता जेम्स कॉनॉली गुरुवारीच घोट्याला गोळी लागून जायबंदी झालेला. त्याचे स्ट्रेचर, उचलणारे चौघे आणि विंगेतले वळण यांचे माप आधी घ्यावे. रिकाम्या स्ट्रेचरवर तालीम केली, तर प्रवेश हमखास प्रयोगात अडकतो.

बंदुका बऱ्याचशा १८७१ च्या माउझर, एकेरी काडतुसाच्या, जुलै १९१४ मध्ये होथ बंदरात उतरवलेल्या. बार झाला की बोल्ट ओढून नवे काडतूस, मगच पुढचा बार. सलग फैरी झाडल्या की काळ बिघडतो. बिनगोळीचे काडतूसही जवळून इजा करते. आवाज विंगेतून द्यावा, नटाने हाताची क्रिया तेवढी चोख करावी.

बंडखोरांचा प्रजासत्ताकाचा जाहीरनामा सुमारे ७६ बाय ५१ सेंटिमीटरचा. छपाईचे खिळे अपुरे म्हणून अर्धा-अर्धा छापलेला. नटाच्या हातात चिठोरे देऊ नये. वाचनाला गर्दीचा जयजयकार जोडणे ही नेहमीची चूक: ऐकणारे थोडे आणि थंड होते, पुढे कैद्यांची तर काही डब्लिनकरांनी हुर्यो उडवली. वारे फिरले ते ३ ते १२ मे दरम्यान किलमेनम तुरुंगात १४ जणांना गोळ्या घातल्यावर. कॉनॉलीला उभे राहता येत नव्हते, म्हणून खुर्चीत बसवून मारले. इथे फैर ब्लॅकआऊटमध्ये घ्यावी. खुर्ची साधी लाकडी, आणि आधीच्या कुठल्याच प्रवेशात तिच्यावर कोणी बसलेले नसावे.