सूर्य उतरला, पण मीटर किती पडलं?

डिसेंबर 2022. कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर काकवी आणायला गेलो होतो. काहिलीत रस रटरटत होता. चुलवाणापाशी बसलेल्या आण्णांनी मोबाईल पुढं केला. पृथ्वीवर सूर्य उतरला, आता वीजच वीज, अशा थाटाची बातमी होती.

"म्हंजे लाईट बिल बंद हुणार म्हणायचं?"

बातमी होती सूर्यात घडतं तशी अणुकेंद्रकं जुळवून, म्हणजे फ्यूजननं, ऊर्जा काढल्याची. तिच्यातले आकडे खरे होते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 5 डिसेंबरला 192 लेझर झोतांच्या जोरावर मिरीच्या दाण्याएवढी गोळी चेपली गेली. गोळीत हायड्रोजनचे जड प्रकार, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. लेझरची 2.05 मेगाजूल ऊर्जा आत गेली, 3.15 मेगाजूल बाहेर आली.

आण्णांना मी ते युनिटात सांगितलं. एक युनिट म्हणजे 3.6 मेगाजूल. अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त आत, पाऊण युनिटाच्या वर बाहेर. वर उरलेल्या 1.1 मेगाजूलमध्ये साडेतीनेक लिटर पाणी उकळेल. पण तेवढे लेझर सोडायला मीटरमधून ओढलेली वीज होती सुमारे 300 मेगाजूल. म्हणजे 83 युनिट! मथळ्यातला नफा लेझर गोळीपाशी पोचल्यावरचा होता, मीटरपासूनचा नव्हे.

"83 घालून एकबी न्हाई?" आण्णा हिरमुसले.

तरी मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला होता. कारण चुलवाणासमोरच होतं. पेटवायला आधी बाहेरचा विस्तव लागतो, पण एकदा जाळ धरला की पुढची चिपाडं त्याच धगीवर पेटतात. गोळीतही तसंच घडलं. दोन अणुकेंद्रकं जुळली की हेलियमचं केंद्रक सुसाट सुटतं, शेजारचं इंधन तापवतं, मग तेही जुळायला लागतं. प्रयोगशाळेत असा जाळ धरावा म्हणून शास्त्रज्ञ कित्येक दशकं झटत होते.

वीजघर मात्र लांब आहे. तिथं असे बार सेकंदाला दहाएक वेळा, दिवसरात्र उडवावे लागतील आणि लेझरही कितीतरी कमी वीज खाणारे लागतील.

फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच प्रयोगशाळेत 5.2 मेगाजूल मिळाले. पुढच्या हंगामात आण्णांना ते सांगितलं. चुलवाणात चिपाडं सारता सारता त्यांनी विचारलं, "आन् मीटर किती पडलं?"

"साधारण तेवढंच, आण्णा."