विमा नसलेल्या गाडीची धडक : भरपाईच्या कायद्याची पार्श्वभूमी

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-कागलकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. मागे दिवा नसलेल्या अशा एखाद्या ट्रॉलीवर रात्री दुचाकी आदळली, तर पंचनाम्यानंतर चौकशी होते ती विम्याची. आणि ट्रॅक्टरची पॉलिसी संपलेली, ट्रॉलीची तर पॉलिसीत नोंदच नाही, असे निघाले की जखमीच्या घरच्यांपुढे खरा पेच उभा राहतो.

तृतीय पक्ष विम्याची, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या ‘थर्ड पार्टी’ विम्याची सक्ती 1939 च्या मोटार वाहन कायद्यात आली, पण ब्रिटिश हिंदुस्थानात तिचा अंमल 1 जुलै 1946 पासून झाला. त्याच 1946 साली ब्रिटनमधील विमा कंपन्यांनी एकत्रित संस्था उभारून विमा नसलेल्या चालकाने केलेल्या नुकसानीची भरपाई देण्याची सोय केली. आपण सक्ती घेतली, ही सोय मात्र घेतली नाही, आणि पुढची बरीच गुंतागुंत मला तरी तिथेच सुरू झालेली दिसते.

विमा नसेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण गाडीच्या मालकाला रक्कम भरायला सांगते. ती त्याने भरली नाही, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 नुसार जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. प्रत्यक्षात सातबारा काढला की जमीन तीन भावांच्या सामाईक नावावर आणि वर सेवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा, असे चित्र पुढे येऊ शकते.

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी सरकारी योजनेतून मिळणारी 25 हजारांची भरपाई 1 एप्रिल 2022 पासून 2 लाख झाली. गंमत अशी, की वाहन सापडले आणि त्याचा विमा नाही असे कळले, तर ही योजना लागू होत नाही. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातातील विमाविरहित वाहन मालकाकडून भरपाईपुरते तारण घेतल्याशिवाय न सोडण्याचा आणि वेळ पडल्यास त्याचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करण्याचा मार्ग दाखवला. जुन्या ट्रॅक्टरच्या लिलावातून किती रक्कम उभी राहणार, हा प्रश्न उरतोच. केंद्र सरकारच्या 2025 च्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडरहित उपचार मिळू शकतात, समोरच्याचा विमा असो वा नसो.

म्हणून उरलेली तजवीज स्वतःच्या पॉलिसीतच करावी लागते. मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण दुचाकीसाठी पूर्वी 1 लाख होते; ते 2018 मध्ये 15 लाख करण्यात आले. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास ही रक्कम मिळते, मात्र वाहन चालवण्याचा परवाना वैध असावा लागतो आणि मागे बसलेल्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. आपल्या गाडीची दुरुस्ती थर्ड पार्टी पॉलिसीतून होत नाही. त्यासाठी लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात तीच पॉलिसी हवी.

गावाकडे ‘बसून मिटवू’ म्हणत महिने जातात. 1 एप्रिल 2022 पासून मात्र भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, असे कायदा सांगतो. या मुदतीलाही न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.